किल्ली काढल्यावर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी मोटारींचा वायरमन. दुकानाच्या पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिशियन' असं लिहिलंय, पण साताऱ्यात मला त्या नावानं कुणी ओळखत नाही. 'वायरिंगवाले' म्हणतात. पोवई नाक्यापासून थोडं पुढं दहा बाय बाराचं माझं दुकान. गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला आणि मी बहुतेक वेळ डॅशबोर्डखाली उताणा, पाय बाहेर. बऱ्याच गिऱ्हाइकांना माझी ओळख पायांवरूनच आहे. 'तुमच्या कामातल्या एखाद्या विषयावर बोला,' असं आकाशवाणीच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा मी बॅटरीची निगा, पावसाळ्यातली काळजी, असं काही सांगेन अशी त्यांची कल्पना असावी. मी म्हटलं, मी हॅझार्डवर बोलतो. 'त्यात बोलण्यासारखं काय आहे?' असं त्यांनी विचारलं. आहे. ते शेवटाकडे सांगतो.

आधी हॅझार्ड म्हणजे काय ते सांगू. डॅशबोर्डवर लाल त्रिकोण काढलेलं एक बटण असतं. ते दाबलं की चारही कोपऱ्यांचे इंडिकेटर एकदम उघडझाप करायला लागतात. कुणी त्याला पार्किंग म्हणतं, कुणी डबल इंडिकेटर, कुणी नुसतं 'त्रिकोण'. नावं जशी मनाला येतील तशी, आणि वापरही तसाच. चौकात सरळ जायचंय म्हणून चारही लावणारे आहेत. डावीकडं नाही, उजवीकडं नाही, म्हणजे दोन्ही! पाऊस आला, धुकं आलं की चालत्या गाडीला चारही लावून घाट उतरणारे तर किती सांगावेत. मागच्याला कळत नाही की हा चाललाय की उभा आहे. शिवाय त्यानं मध्येच बाजू बदलायची ठरवली तर ते सांगायला इंडिकेटरच शिल्लक राहत नाही. खरं म्हणजे त्या दिव्यांचं म्हणणं एवढंच असतं, की मी इथं अडकलोय, मला चुकवून जा.

आता ते चालतं कसं? गाडीतल्या पुष्कळ गोष्टी किल्लीच्या हुकमात असतात. किल्ली फिरवली की करंट येतो, काढली की जातो. इंडिकेटर त्यातलेच. हॅझार्डला मात्र किल्लीची परवानगी लागत नाही. त्याचा करंट बॅटरीतून सरळ येतो, त्याच्या वेगळ्या फ्यूजमधून. हे मुद्दाम केलेलं आहे. गाडी बंद पडली, इंजिन थंड झालं, मालक किल्ली घेऊन मेकॅनिक शोधायला गेला, तरी दिवे चालू राहिले पाहिजेत. माझी पुढची सगळी गोष्ट या एका मुद्द्यावर उभी आहे, म्हणून तेवढं लक्षात ठेवा.

बल्ब तेच, वायरी त्याच. इंडिकेटरचेच चार दिवे आपण हॅझार्डला उसने घेतो. बहुतेक गाड्यांत फ्लॅशरही एकच असतो. फ्लॅशर म्हणजे ते टिक-टिक करणारं काडेपेटीएवढं डबडं. जुन्या काळच्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असायची. करंट गेला की ती तापून वाकायची आणि जोड सुटायचा. निवली की पुन्हा जोडली जायची. साधी गोष्ट, पण ती बल्बांच्या लोडवर चालायची. एक बल्ब गेला तर करंट कमी, पट्टी तापायला उशीर, मग उघडझाप मंद व्हायची, नाहीतर दिवा नुसताच पेटून राहायचा. नंतर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आले. त्यांचं उलटं. बल्ब गेला की ते मुद्दाम दुप्पट वेगानं टिकटिकतात, म्हणजे चालवणाऱ्याला कळावं. धडधाकट इंडिकेटर मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा लागतो. त्याहून घाई करायला लागला की समजावं, एखादा बल्ब गेलाय किंवा कुणीतरी कमी वॅटचा घातलाय. हल्ली हौसेनं एलईडीचे बल्ब टाकतात. ते करंट इतका कमी घेतात की फ्लॅशरला वाटतं बल्बच नाही, आणि तो घाईला येतो. गिऱ्हाईक म्हणतं, 'नवीन बल्ब टाकल्यापासून बिघाड झाला.' बिघाड काही नसतो.

यात एक गंमत आहे, आणि ती बऱ्याच कारागिरांनाही ठाऊक नसते. इंडिकेटरचा बल्ब साधारण एकवीस वॅटचा. बारा व्होल्टला तो पावणेदोन अँपिअर घेतो. एका बाजूचे दोन म्हणजे साडेतीन, चारही लागले की सात. फ्लॅशर एक बल्ब गेल्याचं ओळखतो ते साडेतीनचा हिशेब चुकला म्हणून. पण हॅझार्ड लावल्यावर चारातला एक गेलेला असला तरी तिघांचे मिळून सव्वापाच अँपिअर होतात. फ्लॅशर म्हणतो, करंट भरपूर आहे, सगळं ठीक. आणि तो नेहमीच्या वेगानं टिकटिकत राहतो. म्हणून हॅझार्डची टिकटिक ऐकून चारही दिवे चालू आहेत असं धरून चालू नका. खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारलीच पाहिजे. मागचा उजवा, म्हणजे रस्त्याच्या अंगाचा दिवा, नेमका तोच गेलेला असतो असा माझा अनुभव आहे. का, ते सांगता यायचं नाही.

'हॅझार्ड लागत नाही' अशी तक्रार घेऊन कुणी आलं तर मी आधी पाना-पकड उचलत नाही. किल्ली लावतो आणि साधे इंडिकेटर देऊन बघतो. डावे-उजवे दोन्ही नीट चालले तर माझं निम्मं काम बसल्या जागी झालं. बल्ब चांगले, होल्डर चांगले, मागच्या वायरी चांगल्या, आणि फ्लॅशर एकच असेल तर तोही चांगला. मग संशयाला दोनच जागा उरतात, हॅझार्डचा फ्यूज आणि हॅझार्डचं बटण. उलट हॅझार्ड लागतंय पण इंडिकेटर नाही, तर किल्लीच्या बाजूचा फ्यूज बघायचा, नाहीतर पुन्हा ते बटणच. त्याच्याकडं मी नंतर येतो. दोन्ही मेलेले असतील तर फ्लॅशर, त्याच्यापर्यंत येणारा करंट किंवा त्याचा अर्थ.

फ्लॅशर तपासायची युक्ती मला माझ्या उस्तादांनी १९८६ साली शिकवली, मी त्यांच्या हाताखाली लागलो त्या वर्षी. फ्लॅशर उपसून काढायचा. त्याच्या जागी करंट येण्याचं आणि करंट जाण्याचं अशी जी दोन भोकं असतात, ती वायरच्या तुकड्यानं जोडायची. जर्मन पद्धतीच्या फ्लॅशरवर त्यांना ४९ आणि ४९ए असे आकडे असतात, जपानी पद्धतीच्यावर बी आणि एल. मग इंडिकेटर द्यायचा. दिवे न मिचकावता स्थिर पेटले, तर बाकी सगळं ठीक आहे आणि दोषी फ्लॅशर. पेटलेच नाहीत, तर फ्लॅशर बिचारा निरपराध, त्याला परत जागेवर बसवा. नवा फ्लॅशर विकत आणून लावून बघण्यापेक्षा हे स्वस्त आणि खात्रीचं.

फ्यूजबद्दल दोन शब्द. चपट्या फ्यूजांना रंग असतात. दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा. उडालेल्याच्या जागी त्याच रंगाचा टाकायचा. दोनदा टाकून दोनदा उडाला तर तिसरा टाकायचा नाही, कुठंतरी वायर सोलून बॉडीला लागलेली आहे ती शोधायची. आमच्याकडं सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज 'दुरुस्त' करायची मोठी परंपरा होती. फ्यूज उडणं म्हणजे त्यानं आपलं काम केलं. तो उडू दिला नाही तर मग वायर तापते, आणि ती डॅशबोर्डच्या मागं, गालिच्याखाली, जिथं हात पोचत नाही तिथंच तापते.

माझं आवडतं दुखणं म्हणाल तर अर्थिंगचं. शहरातले एक डॉक्टर गाडी घेऊन आले. तक्रार ऐकून माझा पोऱ्या हसायलाच लागला. 'डावा इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मिचकावतो, आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो.' डॉक्टरांना वाटलं वायरी उलटसुलट जोडल्या गेल्यात. आधीच्या कारागिरालाही तसंच वाटलं असावं. त्यानं मागचा सगळा हार्नेस उकलून पुन्हा टेप मारून ठेवला होता.

करंटचं कसं आहे, तो नुसता बल्बापर्यंत जाऊन भागत नाही, त्याला बॅटरीकडं परतही जावं लागतं. परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. मागच्या दिव्यांच्या जोडीत टेल, ब्रेक, इंडिकेटर अशा सगळ्या बल्बांची परतीची वायर एकच असते आणि ती एका स्क्रूनं बॉडीला आवळलेली असते. पावसाचं पाणी मुरून तो स्क्रू गंजला की वाट बंद. मग इंडिकेटरचा करंट करतो काय? तो शेजारच्या ब्रेकच्या बल्बात उलट्या बाजूनं शिरतो, त्याच्या तारेतून वर चढतो, आणि ब्रेकच्या वायरीनं पलीकडच्या दिव्याकडून बॉडीला जाऊन मिळतो. पुढच्या दारानं जाता येत नाही म्हणून शेजाऱ्याच्या माजघरातून जाण्यासारखं! वाटेत त्याला दोन-तीन बल्बांतून जावं लागतं, म्हणून सगळेच मंद पेटतात आणि नको ते मिचकावतात. डॉक्टरांच्या गाडीचा तो एक स्क्रू काढला, पॉलिशपेपरनं खालची जागा चकचकीत केली, पुन्हा आवळला. पाच मिनिटं. मजुरी किती घ्यावी याचाच मला प्रश्न पडला.

अशा जागी मीटर फसवतो. डिजिटल मीटर लावला तर जळक्या, हिरव्या पडलेल्या जोडातूनही तो बारा व्होल्ट दाखवतो, कारण त्याला स्वतःला करंट जवळजवळ लागतच नाही. एकच तार शाबूत असलेली वायरसुद्धा मीटरपुढं सभ्य वागते. लोड पडला की तिचं खरं रूप दिसतं. म्हणून जुन्या गाड्यांना मी अजून माझा टेस्ट लॅम्प वापरतो. बारा व्होल्टचा बल्ब, एका वायरीला चिमटा, दुसरीला टोचणी. तो मंद पेटला की जोड खराब. मीटर वापरायचाच तर दिवा चालू ठेवून होल्डरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्ट मोजायचे. तिथं जवळपास शून्य यायला हवं. एक-दीड व्होल्ट आले तर परतीची वाट बिघडली. आणि दिवा मिचकावत असेल तर मीटरचे आकडे नाचत राहतात, म्हणून आधी मघाशी सांगितलेली वायर फ्लॅशरच्या जागी घालून दिवा स्थिर करून घ्यायचा.

आता त्या बटणाकडं येतो.

किल्ली लावून साधा इंडिकेटर दिला तर त्याचा करंट हॅझार्डच्या बटणातून जातो, असं सांगितलं तर लोकांना पटत नाही. पण त्या काळच्या कितीतरी गाड्यांत तसंच होतं. बटण वर असतं तेव्हा ते किल्लीकडून आलेला करंट फ्लॅशरला जोडतं. खाली दाबलं की किल्लीची वाट तोडतं, बॅटरीची सरळ वाट जोडतं आणि शिवाय डावी-उजवी बाजू एकत्र करतं. एका बटणात तीन कामं. आता हे बटण वर्षानुवर्षं कुणी दाबतच नाही. आतल्या पितळी पट्ट्यांवर काळी पुटं चढतात. एक दिवस इंडिकेटर बंद पडतात. लोक बल्ब बदलतात, फ्लॅशर बदलतात, स्टिअरिंगखालचा दांडा बदलतात, आणि दोष असतो कधीही न वापरलेल्या हॅझार्डमध्ये. बरेचदा ते बटण दहा-पंधरा वेळा दाबलं-सोडलं तरी पुटं घासली जाऊन इंडिकेटर सुरू होतात. हा उपाय मी फोनवरसुद्धा सांगतो, फुकट.

ऑगस्ट २००३ मध्ये माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाची गाडी आली. निवृत्त शिक्षक होते, विज्ञान शिकवायचे. आम्ही त्यांना सरच म्हणायचो, मी त्यांचा विद्यार्थी नसलो तरी. इंडिकेटर बंद. बटणच होतं, पण नुसतं दाबून सुधारण्याच्या पलीकडं गेलेलं. आतली पट्टी जळून झिजली होती. नवं बटण पुण्याहून मागवावं लागणार होतं, चार दिवस लागले असते. सरांना दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याला मुलीकडं जायचं होतं, नातवाचं बारसं होतं.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, 'डायरेक्ट'. बिघडलेली वस्तू मधून वगळायची आणि अलीकडची वायर पलीकडं जोडायची. मी ते बटण डायरेक्ट केलं. किल्लीकडून येणारी वायर थेट फ्लॅशरला दिली. इंडिकेटर झकास चालू झाले. मग हॅझार्ड दाबून पाहिलं, तर किल्ली काढलेली असतानाही डॅशबोर्डवरचे चार्जिंगचे आणि ऑइलचे दिवे पेटले. बरोबरच होतं. बॅटरीचा सरळ करंट मी घातलेल्या तुकड्यातून उलटा किल्लीच्या लाइनमध्ये घुसत होता. तसं ठेवून चालण्यासारखं नव्हतं. म्हणून मी बटणाला येणारी बॅटरीची वायर उपसली, टोकाला टेप मारली आणि बाजूला बांधून ठेवली. किल्ली लावून पुन्हा बटण दाबलं. चारही दिवे लागले. मी समाधानी.

श्रोत्यांच्या लक्षात आलं असेल. दिवे लागत होते, पण किल्ली चालू असतानाच.

मला हे कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. चार दिवसांचा प्रश्न आहे, आणि हॅझार्ड कोण लावतंय, असं मनात म्हटलं. सरांना सांगितलं, 'तात्पुरतं केलंय, पुण्याहून आलात की नवं बटण टाकू.' नेमकं काय तात्पुरतं, ते सांगितलं नाही. सरांनी विचारलंही नाही. त्यांचा माझ्यावर भरवसा होता.

तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊच्या सुमारास ते परत येत होते. त्या वेळी पुण्याहून साताऱ्याकडं येणाऱ्या गाड्या खंबाटकीचा घाट चढून येत. पाऊस चालू होता. चढाला मागचं चाक पंक्चर झालं. सरांनी गाडी डाव्या अंगाला घेतली, बॅटरी उतरू नये म्हणून हेडलाइट बंद केले आणि लाल बटण दाबलं. चारही दिवे लागलेले त्यांनी बघितले. बाईंना छत्री देऊन कठड्यापाशी उभं केलं. सगळं शहाण्या माणसासारखं. मग स्टेपनी काढायला डिकी उघडायची, तर डिकीला तीच किल्ली. त्यांनी किल्ली काढली.

वळणावरून आलेल्या टेम्पोनं ब्रेक मारला, पण ओल्या रस्त्यावर तो घसरत आला आणि गाडीच्या उजव्या कोपऱ्यावर आदळला. सर बाजूला फेकले गेले. मांडीचं हाड मोडलं. टेम्पोवाला पळाला नाही. त्यानंच सरांना आपल्या गाडीत घालून साताऱ्यात आणलं. आणि गुन्हा त्याच्यावरच दाखल झाला. 'दिवे नव्हते साहेब, काळोखात गाडी दिसली नाही,' असं तो परोपरीनं सांगत होता. असं तर सगळेच सांगतात. बाईंनी दिवे लागलेले डोळ्यांनी बघितले होते, त्या तसं सांगत होत्या. दोघंही खरं बोलत होते.

मला दुसऱ्या दिवशी कळलं. दवाखान्यात गेलो तर सर शुद्धीवर होते, पाय टांगलेला. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, 'अरे, किल्ली काढल्यावर ते दिवे विझले रे. ते विझायला नकोत ना?' त्यांच्या आवाजात राग नव्हता. रात्रभर पडल्या पडल्या ते दुखणं शोधत होते. विज्ञानाचे मास्तर.

मी 'बघून सांगतो' म्हटलं आणि बाहेर पडलो. बघायचं काय होतं? तरी पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन, परवानगी काढून, डॅशबोर्डखाली हात घातला. टेप मारलेली वायर मी बांधली होती तशीच होती. मी तिथं किती वेळ बसलो होतो आठवत नाही. एक विचार असाही आला, आणि तो आज इथं कबूल करतो, की ही वायर परत बटणाला खोचली तर कुणाच्या बापाला कळणार नाही. टेम्पोवाला तसाही अडकलाच होता.

संध्याकाळी परत दवाखान्यात गेलो आणि सरांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'मला नीट समजलं नाही. काढून दाखव.' औषधाच्या चिठ्ठीच्या मागं मी बॅटरी, फ्यूज, बटण, फ्लॅशर, चार दिवे काढले. मी घातलेला तुकडा काढला, उपसलेली वायर काढली. त्यांनी चिठ्ठी हातात घेऊन बोट फिरवत करंटची वाट शोधली. दोनदा. म्हणाले, 'आकृती बरोबर आहे. हीच परवा दुकानात काढून दाखवली असतीस, तर मी रात्रीचा निघालो नसतो. सकाळी आलो असतो.' एवढंच. मग म्हणाले, 'तो टेम्पोवाला कुठला आहे बघ.'

सरांनी जबाबात खरं ते सांगितलं, मीही माझा जबाब दिला. टेम्पोवाला पाडेगावकडचा, नुकतं लग्न झालेला मुलगा होता. पुढं त्याचं लायसन्स त्याला परत मिळालं. मला काय बोलणी बसली ती बसली. बसायलाच हवी होती. सरांचा पाय जुळला, पण काठी राहिली. नवं बटण आलं ते मीच बसवलं, त्याच गाडीत, आणि सर तेव्हा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. काम झाल्यावर त्यांनी हात पुढं केला. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. मग त्यांनी काठीनं लाल बटणाकडं खूण केली.

तेव्हापासून माझ्या दुकानातून कुठलीही गाडी बाहेर पडताना, मग ती हॉर्नसाठी आलेली का असेना, मी हॅझार्ड किल्ली काढून बघतो. काही डायरेक्ट करावं लागलं, आणि अजूनही कधीकधी लागतं, तर बिलावर मराठीत लिहून देतो की अमुक वायर काढून ठेवली आहे, त्यामुळं अमुक गोष्ट चालणार नाही. काही गिऱ्हाइकं ते वाचून घाबरतात आणि दुसरीकडं जातात. जाऊ देत.

नव्या गाड्यांत हे सगळं बदललंय. वेगळा फ्लॅशर उरलेला नाही. लाल बटण फक्त एका संगणकी डब्याला इशारा देतं आणि तो डबा दिवे लावतो. ती टिकटिकसुद्धा खोटी असते, मीटरमधल्या छोट्या स्पीकरवर वाजवलेली. तिथं माझा टेस्ट लॅम्प खुपसायचा नाही, डबा जळू शकतो. त्यासाठी स्कॅनर लावावा लागतो. पण मागच्या दिव्यात पाणी शिरायचं ते शिरतंच, उंदीर वायरी कुरतडायचे ते कुरतडतातच. आणि बाहेरून बसवलेली सेंट्रल लॉकिंगची आणि अलार्मची डबडी! त्यांच्या वायरी डाव्या-उजव्या इंडिकेटरला टोचलेल्या असतात. आतला रिले चिकटला की डावा इंडिकेटर दिल्यावर चारही लागतात, किंवा मध्यरात्री उभी गाडी आपली आपणच मिचकावायला लागते. एका सोसायटीत वॉचमननं म्हणे त्या गाडीपुढं लिंबू ठेवलं होतं. अशी तक्रार आली की मी आधी त्या डबड्याची वायर सोडवतो आणि मग पुढचं बघतो.

शेवटी एक घरी करायचं काम सांगतो. आज गाडी उभी असेल तर किल्ली खिशात ठेवा, लाल बटण दाबा, दार लावा आणि गाडीभोवती फिरून चारही कोपरे बघा. बटण आठ-दहा वेळा दाबून सोडा, पुटं निघतील. मग डिकीत लाल त्रिकोण आहे का बघा. नव्या गाडीबरोबर तो मिळतो आणि बहुतेकांचा अजून प्लास्टिकच्या पिशवीतच असतो. वाटेत अडकलात तर तो गाडीला टेकवून ठेवू नका, चांगला पन्नास-साठ पावलं मागं ठेवा, आणि घाटात असाल तर वळणाच्या अलीकडं, येणाऱ्याला वळायच्या आधी दिसेल असा. दगड मांडलेत तर जाताना उचला. हॅझार्डवर रात्र काढायची वेळ आली तर हिशेब असा. सात अँपिअर, पण निम्मा वेळच दिवे पेटलेले असतात, म्हणजे सरासरी साडेतीन. पस्तीस अँपिअर-तासांची नवी बॅटरी कागदावर दहा तास टिकेल, पण जुनी असेल तर चार-पाच तासांनी गाडी सुरू होईल याची खात्री देता येत नाही. तेवढ्या वेळात मदत मागवा. आणि गाडीतली माणसं गाडीत बसवू नका, कठड्याच्या पलीकडं उभी करा.